पाण्याची घंटा

साडेअकराला शाळेत पाण्याची घंटा होते. "तहान नसली तरी दोन घोट प्या," असं मी वर्गाला बजावते आणि तेवढ्यात चार वह्या तपासून घेते. यंदा शाळा सुरू होताना मीही नवी बाटली घेतली होती. घसा जपायचा, असं ठरवून. ती रोज भरलेलीच घरी येते. इतकी वर्षं सांगून सांगून, सांगितलं म्हणजे आपण केलंच असं वाटायला लागलंय. पाणी ओतून टाकवत नाही, म्हणून खिडकीतल्या जास्वंदीला घालते.

काल सासूबाई म्हणाल्या, "जास्वंद काय फुललीय गं यंदा! घालतेस तरी काय तिला?"

मी नुसती बाटली दाखवली. बोलायला आवाजच उरला नव्हता.