माहेरच्या गुहेला दार

रोज दिवस मावळला की माझा फोन वाजायचा. पलीकडून बाबा एकच शब्द बोलायचे, "निघाली." आणि फोन ठेवून द्यायचे. जेवलीस का, जावई कसे आहेत, काही म्हणजे काही नाही. वळ गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असायच्या, बाहेर कंटेनरवाले हॉर्न मारत असायचे, आणि त्या गोंगाटात मी कणकेच्या हातानेच फोन उचलायचे. नवरा चिडवायचा, "झाली का तुझ्या माहेरच्या वाघळांची हजेरी?"

माझं माहेर दिघाशीचं. घराच्या ओट्यावर बसलं की समोर टेकडी, टेकडीवर रान आणि रानाच्या मध्यावर गुहा. संध्याकाळी तिच्यातून वटवाघळं निघायची. आधी दोन-चार, मग धूर निघावा तशी लांबलचक रांग, थेट खाली भातशेतांवर. बाबा ती रांग संपेपर्यंत बघायचे आणि मगच चूळ भरून जेवायला बसायचे. माझं लग्न झालं तेव्हा मी आईबापासाठी रडले नाही तेवढी त्या रांगेसाठी रडले. पुढे हातात मोबाईल आले आणि बाबांनी आपणहून ही रोजची बातमी सुरू केली. पोरीचा जीव कशात आहे हे त्यांना न सांगता कळायचं.

गुहा राखायचं काम आमच्या घराकडे होतं. कुणी नेमलं होतं कोण जाणे, पण होतं. आमच्याकडे सगळा काळा दगड. वनरक्षक म्हणून आलेल्या ताईंनी मला नंतर सांगितलं, की मोठ्या गुहा चुनखडीच्या प्रदेशात होतात, तिथे पाणी दगडच विरघळवतं. आपल्याकडे दोन थरांमधली मऊ माती पाणी धुऊन नेतं आणि पोकळी राहते. बाबांना थर-बीर काही ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, "वरचं रान पितंय, म्हणून खालची गुहा पाझरते, म्हणून आपल्या झऱ्याला पाणी हाय." गुहेच्या वरच्या रानात कुऱ्हाड न्यायची नाही. आत दिवा लावायचा नाही, काजळी धरते. येताना एक खडासुद्धा उचलून आणायचा नाही. आणि होळीपासून पाऊस पडेपर्यंत तिकडे फिरकायचंच नाही, कारण तेव्हा वाघळांची पिल्लं अंगाला चिकटलेली असतात.

पाऊस संपला की गुहेच्या तोंडाशी कारवी माजायची. दिवाळीनंतर बाबा कोयता घेऊन निघायचे आणि मला सोबत न्यायचे. मी गुहेच्या तोंडात हात पसरून उभी राहायचे. माझी बोटं पोचतील तिथपर्यंतची कारवी बाबा छाटायचे, त्यापुढचं एक पानही तोडायचे नाहीत. "एवढी वाट त्यांना पुरते," म्हणायचे. मागून गार हवा पाठीला लागायची, वाघळांचा तो उग्र वास यायचा, आणि मी हलायचे नाही. शाळेत कुणी मला कशात पुढे उभं केलं नाही. पण त्या दिवशी माझ्याशिवाय काम अडायचं. ते उभं राहणं मला अजून हवंसं वाटतं, वेड्यासारखं हवंसं वाटतं.

लग्नानंतर आम्ही वळच्या शेजारी पूर्ण्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं. गोदामांची शटर, गेट, जाळ्या. नवरा वेल्डरांना बघतो, मी गिऱ्हाइकं बघते. गोदामवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, कबूतर आत येता कामा नये." कबुतरं मालावर घाण करतात ना. म्हणून आम्ही पत्र्याच्या वर, कडेला, जिथे जिथे फट दिसेल तिथे बारीक जाळी मारतो. आता तर रिकामी भिंत दिसली तरी माझा हात टेपकडे जातो.

आणि मग गुहेवर संकट आलं. रविवारी शहरातून मोटारसायकलींवर टोळकी यायला लागली. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता म्हणे. बाटल्या फोडायचे, भिंतीवर रंगाने नावं लिहायचे, आणि एकदा तर मेल्यांनी तोंडाशीच टायर पेटवला. बाबा काठी घेऊन धावले, तर त्यांनाच हसले. हे ऐकून माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. गावच्या वनसमितीची बैठक झाली, दार लावायचं ठरलं, आणि मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, "दार माझ्याकडून. माहेराला भेट." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वनरक्षक ताई तेवढ्या म्हणाल्या, "मी ट्रेनिंगला चालले आहे. गुहेचं दार वेगळं असतं. मी येईपर्यंत थांबा." थांबायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी मनात म्हटलं, दारं बनवण्यात आमचा जन्म गेला, ही कालची पोर मला काय शिकवणार!

बाबा तेव्हा आमच्या घरी, वळ गावी होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "नव्या डोळ्यानं पयली वाघळं बघीन," असं सारखं म्हणायचे. मी ठरवलं, त्यांना सोडायला जायच्या दिवशीच दार बसवायचं. परत येतील तेव्हा गुहा सुरक्षित. कुणाला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच नाही.

वैशाखाचे दिवस होते. होळीनंतर तिकडे जायचं नाही, हा नियम मला पाठ होता. पण मी स्वतःची समजूत घातली, आपण आत कुठे जातोय, तोंडाशीच तर काम आहे. नवरा आणि आमचा उत्तर प्रदेशचा वेल्डर टेम्पोत दार घालून पुढे गेले. भर दुपारी बोल्ट ठोकून त्यांनी ते बसवलं. मी बाबांना ओट्यावर बसवून वर बघायला गेले. काय फिटिंग होतं! खाली जाड पत्रा, वर बारीक जाळी, कडेच्या फटीसुद्धा बंद. वेल्डर खुशीत म्हणाला, "भाभी, एकदम टाइट है. कबूतर भी नहीं घुसेगा." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. शप्पथ सांगते, त्या क्षणी आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जी आत आहेत ती बाहेर कशी येतील.

खाली येऊन आम्ही चहा घेतला. ऊन उतरलं. बाबांनी काळा चष्मा काढला आणि टेकडीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "निघाली न्हाईत अजून." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "माझा डोळा बिघडला का गो? मला दिसत न्हाईत."

मी एवढंच म्हणाले, "डोळा नाही बिघडला बाबा. मी दार लावलं." आणि चावी घेऊन धावत सुटले.

वर पोचले तेव्हा जाळीवर पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. आतून शेकडो पंख आपटत होते. मला कुलूप उघडेना, तशी मागून धावत आलेल्या नवऱ्याने चावी हिसकावून घेतली. दार उघडलं आणि ती माझ्या तोंडावरून, केसांवरून, खांद्यावरून सुटली. सगळी गेल्यावर जाळीखाली टॉर्च मारला. पंख फाटलेली होती, मेलेली होती, त्यात बोटाएवढी पिल्लंही होती. मी ती पदरात गोळा केली. नवरा म्हणाला, "चल, खाली चल." मी पदर सांभाळत उतरले.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पदर बघितला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, "कुदळ दे. यांना पुरून येतो."

दुसऱ्या दिवशी वटवाघळं आली नाहीत. त्या आठवड्यातही नाही. ताई ट्रेनिंगहून आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आम्ही ते दार काढलं आणि त्या सांगतील तसं दुसरं केलं. नुसत्या आडव्या सळ्या, दोन सळ्यांमध्ये एक वीत अंतर, पत्रा नाही, जाळी नाही. माणूस जाणार नाही, वाघूळ पंख न आपटता जाईल. दिवाळीनंतर ते बसवलं. बाबा काठी टेकत वर आले आणि म्हणाले, "उभी राहा." पन्नाशीची बाई मी, वनरक्षकांसमोर गुहेच्या तोंडात हात पसरून उभी राहिले. बाबा कारवी छाटायला लागले आणि थांबले. "तू मोठी झालीस," म्हणाले. "आता बोटं नको. मनगटापर्यंत धरू." मला हसूही आलं आणि रडूही आलं.

फोन मात्र बंद झाला नाही. रोज दिवस मावळला की वाजायचा. "न्हाय." बस. एक शब्द, आणि फोन ठेवलेला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा वैशाख आला. "न्हाय." एकदा मी चिडून ओरडले, "बाबा, कशाला सांगता रोज? मला टोचायला?" त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. "न्हाय." जे आहे ते सांगायचं, एवढंच त्यांना येत होतं.

मग बाबा आजारी पडले. खाटेवरून उठणं बंद झालं, पण आईने खाट ओट्यावर आणून ठेवली होती. एका संध्याकाळी फोन आला. "निघाली गो. जास्त न्हाईत, धा-पंधरा असतील. पण निघाली. सरळ शेताकडं गेली. आता तू रडू नको."

मी स्वयंपाकघरात खालीच बसले आणि मोठ्याने रडले. नवऱ्याने वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. मी निघायची तयारी केली तर बाबा म्हणाले, "इतक्यात नको येऊ. नवी हायेत, बिचकतील. जरा ठरू दे." पुढचे बारा-तेरा दिवस रोज बातमी येत राहिली. आज वीस होती. आज लवकर निघाली. आज पावसानं उशीर झाला. मी आयुष्यात इतकी शांत झोपले नसेन. मग एका पहाटे आईचा फोन आला, आणि सगळं संपलं होतं.

बाबांचे दिवस झाले त्या संध्याकाळी मी ओट्यावर त्यांच्या जागी बसले. वनरक्षक ताई भेटायला आल्या होत्या. मी टेकडीकडे बोट करून म्हणाले, "बघा हं, आता निघतील." ताई हळूच म्हणाल्या, "ताई, मी दर दोन दिवसांनी वर जाते. आत एकही नाही. ते दार लागलं त्या दिवसापासून एकही आलेलं नाही."

मी आईकडे वळले. ती दारात उभी होती. पदर तोंडावर धरून म्हणाली, "मला म्हणायचे, पोर माझ्यामागं हेच घेऊन बसंल. तिला मोकळी करून जातो."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरी बातमी असती तर बाबा एकच शब्द बोलले असते.

आता आई फोन करते. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "काय सांगू गो तुला?" मी म्हटलं, "जे असेल ते." सळ्या जागेवर आहेत, वरचं रान उभं आहे, झऱ्याला पाणी आहे, आणि दिवाळीनंतर मी जाऊन मनगटापर्यंत कारवी छाटून येते. आजही कणीक मळत होते तेव्हा फोन वाजला.

"न्हाय," आई म्हणाली.

"बरं," मी म्हटलं. "उद्या बघ."