जिन्याखालचे दोन कॅन

आमच्या जनरेटरची देखभाल करायला पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून येणारा माणूस मूळचा निपाणीकडचा. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव ‘जनरेटर’ एवढंच आहे. डिझेलला हात लावण्याआधी तो आपला मोबाइल फाटकापाशी ठेवतो आणि काम संपलं की यंत्राकडे पाहून हळूच कानडीत “सरी”, म्हणजे ‘ठीक’, म्हणतो.

सासूबाईंना झोपेत ऑक्सिजनचं यंत्र लागतं, त्यामुळे वीज गेली की जनरेटर चालायलाच हवा. म्हणून मी डिझेलचे दोन कॅन भरून, वर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवून जिन्याखाली ठेवले होते. मागच्या खेपेला मी ते त्याला कौतुकानं दाखवले.

त्यानं मान वर करून जिन्याकडे पाहिलं.

“अक्का, आजी कुठं झोपतात?”

“वर.”

तो वर गेला, सासूबाईंना नमस्कार केला आणि त्यांच्या पलंगापासून खाली यायला निघाला. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मला वाटलं, याचा गुडघा दुखतोय. कॅनपाशी येऊन तो थांबला.

“आजी अशाच उतरतात न्हवं? इथं पेटलं तर त्यांना दुसरी वाट हाय?”

“नाही.”

“तारीख बाकी झकास लिहिलीय तुम्ही.”

दोन्ही कॅन त्यानं स्वतः उचलून मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत, सावलीत नेऊन ठेवले.

तो गेल्यावर मी कठडा धरून, त्याच्यासारखीच, पलंगापासून दारापर्यंत उतरून पाहिलं. बारा वर्षं मी या घरात राहते. जिना इतका लांब आहे हे मला माहीत नव्हतं.