तळाचा भाडेकरू

बगळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण वॉटर पार्कात त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली, तर तो वळूनही बघत नसे. लांब मान, काटकुळे पाय आणि लाटांच्या तलावाकाठच्या उंच खुर्चीवरून पाण्याला चिकटलेली नजर. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. फरक एवढाच, की बगळा पाण्यात बघतो ते काही मिळावं म्हणून, आणि हा बघायचा ते काही मिळू नये म्हणून.

जीवरक्षकाची नोकरी पोहण्याची असते असा लोकांचा समज असतो. ती खरं तर बघण्याची असते. त्याला कामाला लावणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं : आधी तळ, मग मधलं पाणी, मग डोकी. ओरडणाऱ्या माणसाची फार काळजी नको, ओरडतोय म्हणजे श्वास घेतोय. गप्प असेल त्याला शोधायचं. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी पेला उचलतानाही तो आधी तळाशी नजर टाकायचा. त्याचं बघून लेकही टाकू लागली. बायको म्हणायची, "एक बगळा पुरेसा होता हो मला."

तर अशा या माणसाच्या घरी सहलीचं ठरत होतं. आणि सहल कुठे, तर त्याच्याच कामाच्या ठिकाणी.

"वर्गातल्या सगळ्या जाऊन आल्या," लेक म्हणाली. "मी सांगते, माझे बाबा तिथेच असतात. त्या म्हणतात, मग तू कशी नाही गेलीस? थापाडी म्हणतात मला."

हे मात्र त्याला लागलं. मग त्यानं जेवणाच्या टेबलावर चमचे-वाट्या मांडून अख्खा पार्क उभा केला. मधल्या वारी जायचं, गर्दी कमी. दार उघडताच मोठ्या घसरगुंड्या गाठायच्या, कारण लोक आधी कपडे बदलण्यात वेळ घालवतात. दुपारी सावलीत डबा. पोट जड झालं की संथ नदीत टायरवर पडून राहायचं. बायकोनं लेकीसाठी निळा पोहण्याचा पोशाख आणला होता, तो त्यानं परत करायला लावला.

"का? गोड दिसतो की."

"निळ्या पाण्यात निळं मूल दिसत नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पिवळा आला.

"आणि लाटांचा वेव्ह पूल?" लेकीनं टेबलावरच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तिथे गर्दी असते."

"तूच म्हणालास, मधल्या वारी नसते."

"पाणी गार असतं तिथलं."

"अहो," बायकोनं हातातलं फडकं खाली ठेवलं, "सगळा पार्क दाखवणार, आणि स्वतः बसता तेवढीच जागा सोडणार? दुसरा संसार थाटलाय की काय तिथे?"

तो हसला. हसणंच सोयीचं होतं. संसार नव्हता, पण तिथे कुणीतरी राहत होतं, हे मात्र खरं.

नोकरीच्या पहिल्या हंगामात, एका दुपारी लाटा थांबल्या, पाणी स्थिर झालं, आणि खोल टोकाच्या जाळीजवळ, तळाशी, त्याला कुणीतरी आडवं पडलेलं दिसलं. लहानसं. एक हात डोक्याखाली घेतल्यासारखा. त्यानं शिट्टी फुंकली आणि उडी मारली. हाताला फरशी लागली. तो वर आला, पुन्हा खाली गेला, पुन्हा फरशीच. काठावर मास्तर चहाचा पेला घेऊन उभे होते.

"दिसला ना? ये, चहा घे. आता तू आमच्यातला झालास."

तिथे प्रत्येक नव्या जीवरक्षकाला एकदा उडी मारू द्यायची पद्धत होती. आधी सांगायचं नाही. उडी मारली की चहा, आणि चहाबरोबर माहिती : तो भाडेकरू. भाडं देत नाही, पण तक्रारही करत नाही. वरच्या लोकांनी दिवे बदलले, फरशा बदलल्या, एकदा तलाव कोरडा करून धुऊन काढला. पाणी भरल्यावर हा आपला पुन्हा जागेवर. पाहुण्यांपैकी कुणाला तो दिसल्याचं ऐकिवात नव्हतं, कारण पाहुणे तळाकडे बघतच नाहीत. शेवटी सगळ्यांनी समजूतदारपणा दाखवला. एकाच जागेसाठी रोज दहादा उडी कोण मारणार? नजर तळावरून फिरवायची, तेवढी जागा आली की उचलायची, पलीकडे ठेवायची. पुढे पुढे तीही आठवण ठेवावी लागत नसे.

हे बायकोला कुठल्या शब्दांत सांगायचं? आणि सांगितलं तर उद्या डबा घेऊन कामावर कोण जाऊ देईल? अखेर तह झाला. वेव्ह पूल पाहायचा, पण घोट्याइतक्या पाण्यात, आणि त्याचा हात धरून.

ठरल्या दिवशी सगळं टेबलावरच्या चमच्या-वाट्यांप्रमाणे पार पडलं. लेक घसरगुंडीवरून किंचाळत आली, बायको संथ नदीत टायरवर चक्क झोपली. मग तिघं लाटांच्या तलावाशी आली. खुर्चीवर पैलवान होता, त्याचा जोडीदार. "बगळ्या, सुट्टीच्या दिवशीही इथेच? वहिनी, याला दुसरी जागाच ठाऊक नाही!"

भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या. लेकीचा हात धरून तो उथळ पाण्यात उभा राहिला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच पाहुण्यांच्या बाजूला होता, आणि सवयीनं त्याचं लक्ष पैलवानाच्या डोळ्यांकडे गेलं. पैलवान चांगला बघत होता. आधी तळ, डावीकडून उजवीकडे, सावकाश. आणि जाळीजवळ आल्यावर, रस्त्यातलं डबकं ओलांडावं तशी, त्याची नजर टुणकन पलीकडे गेली. पुन्हा फेरी, पुन्हा तीच उडी.

बगळ्यानं ती जागा नजरेनं मोजली. भाडेकरूच्या नावानं त्यांनी केवढी जागा सोडून दिली होती! त्यात एक मूल आरामात मावलं असतं. आणि त्या खुर्चीवर वर्षानुवर्षं तोही असाच बसला होता.

"हिला धर," तो बायकोला म्हणाला. "पैलवानाशी बोलून येतो."

खुर्चीपाशी जाऊन तो म्हणाला, "जाळीजवळ बघतोस का रे तू?"

"तिथे काय बघायचं? तो आहे की."

"तो आहे म्हणूनच विचारतोय. उद्या खरंच कुणी..."

"सुट्टी घे म्हणतो मी तुला, पण तू सुट्टीतही ड्यूटी करतोस."

लाटा थांबल्या. पाणी हळूहळू काचेसारखं झालं. दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं, आणि दोघांनीही एकदमच नजर उचलली. भाडेकरू जागेवर होता. तिकडे न बघता दोघं पुन्हा वाद घालू लागले.

उथळ पाण्यातून बायकोची हाक आली, "अहो, ती तुमच्याकडे आली ना? तुमच्या मागेच निघाली!"

त्यानं पुन्हा पाहिलं. भाडेकरूला कधी रंग नसे. आज त्याला पिवळा रंग होता.

पाण्यात त्याला किती वेळ लागला हे पैलवान सांगू शकला नाही, त्यालाही सांगता आलं नाही. हात खाली पोचला तेव्हा फरशी लागली नाही. दंड लागला, बारीक, गार. त्यानं तिला छातीशी ओढलं आणि तळाला लाथ मारून वर आणलं. काठावर ती खोकली, पाणी ओकली, आणि मग रडली. रडली म्हणजे श्वास घेतेय, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. बायकोनं तिला टॉवेलात गुंडाळून असं आवळून धरलं, की पैलवानाला सांगावं लागलं, "वहिनी, जरा सैल धरा."

"कशाला गेलीस तिकडे? अगं, कशाला?" बायको विचारत होती.

लेकीचे दात वाजत होते. "तळाला कुणीतरी होतं. बाबानं पाहिलं, काकांनी पाहिलं. कुणीच जाईना." ती बापाकडे वळली. "मग मी गेले."

पैलवान शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"तू मला काढलंस," ती म्हणाली. "त्याला का नाही काढलंस? तो माझ्या शेजारीच होता. जागा करून दिली मला त्यानं."

बगळा उठला. पाणी पुन्हा स्थिर झालं होतं, आणि जाळीजवळ, एक हात डोक्याखाली घेऊन, कुणीतरी पडलेलं होतं. रंग नव्हता. त्यानं उडी मारली. फरशी लागली. त्यानं दोन्ही हातांनी ती फरशी चाचपली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, छातीतली हवा संपेपर्यंत.

तेव्हापासून लाटा थांबल्या, की खुर्चीवर जो असेल तो उडी मारतो. बगळ्यानं हे कुणाला पटवून दिलं नाही. तो मारू लागला, दुसऱ्या दिवशी पैलवान मारू लागला, मग बाकीचे. नव्या माणसाला आता आधीच सांगतात, आणि चहा रोजच मिळतो. वरचे लोक त्याला सराव म्हणतात, पाहुणे टाळ्या वाजवतात.

संध्याकाळी तो घरी आला, की लेक अभ्यासाच्या वहीतून मान वर करते.

"आज?"

"फरशी," तो बूट काढता काढता म्हणतो.

ती थोडा वेळ त्याच्याकडे बघते. मग म्हणते, "उद्या परत बघ हं," आणि तो हो म्हणतो.