शेततळ्यात उतरलेल्या रंगूबाई

लोणी देवकरच्या माळावर रंगूबाईंची मेंढरं दुरूनही ओळखू यायची. गावठी मेंढ्यांना मऊ लोकरीचा मेंढा दाखवून महिपतीनं, त्यांच्या नवऱ्यानं, ती पैदास तयार केली होती. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारी, मटणाला भरीव, आणि लोकर अशी दाट की बोट आत रुतावं. महिपती गेल्यावर रंगूबाई आणि सून अनिता दोघीच, सामान लादलेलं घोडं सोबत घेऊन, कळप राखायच्या.

लोकर कातरायला चार दिवस उरले होते. भर दुपारी डाळिंबाच्या बागेपाशी मोकाट कुत्री अंगावर आली आणि मेंढरं उधळली. पुढचा मेंढा कुंपणाच्या फटीतून शेततळ्याच्या बांधावर चढला. तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकवरून त्याचे पाय घसरले, तो थेट पाण्यात. त्याच्यामागं एकेक मेंढी.

अनितानं कुत्री हाकलून बाकीचा कळप मागं वळवला. रंगूबाई वर पोचल्या तेव्हा आत नऊ मेंढरं होती. कडेला यायची, खूर मारायची, पुन्हा घसरायची. भिजून लोकर जड होत चालली होती.

रंगूबाई काठावरच थांबल्या. गेल्या वर्षी असल्याच तळ्यात उतरून बुडालेल्या धडधाकट माणसाचं प्रेत बाहेर काढताना त्यांनी पाहिलं होतं.

"आत्या, उतरू नगा! तुमास्नी पवता येत न्हाय!" अनिता धावत येत ओरडली.

"घोड्यावरची वाघर आण. पळ!"

मेंढरं कोंडायची ती दोरीची जाळी दोघींनी कुंपणाच्या लोखंडी खांबाला बांधून पाण्यात सोडली. रंगूबाई तिच्यात पाय अडकवत उतरल्या. छातीला पाणी लागलं तसा श्वासच कोंडला. पहिल्या मेंढीला कानाला धरून ओढलं. तिचे खूर जाळीत अडकले, अनितानं वरून खेचली. अशा सहा निघाल्या.

मग घाबरलेला मेंढा त्यांच्या खांद्यावरच चढला. रंगूबाई पाण्याखाली गेल्या. सगळं काळं. मुठीत जाळीची एक दोरी तेवढी होती.

अनितानं ती जाळी जीव खाऊन ओढली. रंगूबाई खोकत वर आल्या. मेंढा आणि दोन मेंढ्या गेल्या.

"आत्या, झालं आता. वर हाय तुमी."

"न्हाय गं. पाय अजून खालीच हायत."

बागवाल्यानं दुसऱ्या दिवशी फट बुजवली, तळ्यात गाठी मारलेला दोर सोडला. रंगूबाईंनी त्याच आठवड्यात वाचलेल्या मेंढ्या कातरल्या, हात जराही अडखळला नाही. पण अंघोळीला बादलीत तांब्या बुडवताना त्यांचा हात अजूनही थबकतो.