हातावर उठलेली अक्षरं

अंगावर पित्ताच्या गांधी पहिल्यांदा उठल्या तेव्हा मी सातपूरच्या कारखान्यात होते. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग तपासायचं माझं काम. डबा खाऊन जेमतेम अर्धा तास झाला असेल, मनगटाला खाज सुटली, मग मानेला. आरशात पाहिलं तर गळ्यावर तांबूस बेटं उमटली होती आणि हळूहळू एकमेकांना जाऊन मिळत होती. संध्याकाळी सासूबाईंनी आमसूल भिजवून ते पाणी अंगाला लावलं. बरं वाटलं.

पण गांधी येतच राहिल्या. कधी आठवड्याने, कधी रोज. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. गोळीने खाज थांबायची, मात्र तिच्यासोबत एक मऊ गुंगी यायची. बसच्या काचेतून त्र्यंबक रस्ता पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा. माणसं, झाडं, दुकानांच्या पाट्या, सगळं सावकाश वाहत चाललेलं. एकदा माझा थांबा असाच वाहून गेला. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं तेव्हा आपण कुठे आहोत ते क्षणभर कळेना. नवरा स्कूटर घेऊन आला. काही न विचारता त्याने माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि सगळा रस्ता मी पेंगू नये म्हणून बोलत राहिला.

त्यानंतर आम्ही त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. शांत बाई. त्यांनी कमी गुंगीची गोळी दिली, काय खाल्लं ते रोज लिहायला सांगितलं. मी पुन्हा पुन्हा कारण विचारत होते. त्या म्हणाल्या, "कारण कदाचित सापडणार नाही. ते न सापडताही तुम्हाला नीट राहता येईल."

मला ते पटलं नाही. तरी वही लिहीत गेले. शिळं अन्न, दही, टोमॅटो, ऊन, धावपळीचा दिवस. पण टोमॅटोचं सार पिऊनही काही झालं नाही असे दिवस होते, आणि नुसता वरणभात खाऊन ओठ सुजला असेही. शिळ्याचं मात्र बऱ्याचदा जुळायचं. आमच्याकडे सकाळची भाजी रात्री संपवायची पद्धत. सासूबाईंना हे सांगायचं कसं? मी ते फक्त वहीत लिहून ठेवायचे. एके दिवशी त्यांनीच वही वाचली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅसवर छोट्या कढईत दुधी शिजत होता.

"तुझ्यापुरती ताजी भाजी करायला मला दहा मिनिटं लागतात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "इतके दिवस बोलली का नाहीस?"

मी कोथिंबीर निवडायला बसले.

त्याच सुमारास मुलीला एक शोध लागला. माझ्या हातावर पेनचं टोपण फिरवलं की रेघ फुगून वर येते. एका रविवारी गॅलरीत तिने माझ्या दंडाखाली 'आई' लिहिलं आणि आम्ही दोघी वाट बघत बसलो. आधी गुलाबी, मग पांढरट उठाव. अक्षरं आतून कुणीतरी लिहीत असल्यासारखी वर आली. "दुखतं का?" तिने विचारलं. दुखत नव्हतं. तासाभरात अक्षरं पुसट झाली. स्वतःच्या अंगाची भीती न वाटता मी त्याच्याकडे पाहिलं, असं कितीतरी दिवसांनी घडलं होतं.

आता दोन वर्षं झाली. गांधी उठतात, पण क्वचित. पर्समध्ये गोळी असते, अंगात सैल सुती कपडे असतात, लग्नाच्या पंगतीत आधी विचारून वाढून घेते. मागच्या महिन्यात भाचीची पैठणी घ्यायला येवल्याला गेलो होतो. विणकराच्या खोलीत उकडत होतं, माग चालू होता, आणि मनगट चुरचुरू लागलं. मी घड्याळ काढलं, गोळी घेतली, भाचीला सांगून बाहेर पायरीवर वाऱ्याला बसले. आतून मागाचा ठोका ऐकू येत होता. गांधी उठल्या, थोडा वेळ राहिल्या, विरल्या. आत गेले तेव्हा भाची दोन रंगांत अडकली होती. मी तिच्या खांद्यावर मोरपंखी पदर टाकून बघितला.