नुमिसियसआजोबांचा टोगा

रोममधल्या सुबुरा वस्तीच्या उतारावर फिलेरोस परटाचं दुकान होतं. ते शोधायला पत्ता लागत नसे, नाक पुरे. दारात मुताचा रांजण, मागच्या अंगणात गंधकाचा धूर. येणाऱ्याजाणाऱ्याने रांजणात आपापला हातभार लावायचा, आणि त्याच ऐवजात फिलेरोसने उभ्या रोमचे अंगाभोवती नेसायचे लोकरी टोगे तुडवून तुडवून पांढरे करायचे. पायाखालचा टोगा कोणाचा, हे तो डाग बघून सांगायचा. हे मच्छीचं कालवण, म्हणजे वकील. ही दारू, म्हणजे वकिलाचा सासरा.

त्याचा स्वतःचा टोगा मात्र म्हाताऱ्या घोड्याच्या दातासारखा पिवळा होता. न्हाव्याची दाढी आणि परटाचं धुणं, दोन्ही नेहमी उद्यावर!

फिलेरोस जन्माचा गुलाम. ताम्पियसधन्यांनी त्याला मुक्त केलं, आपल्या घराण्याचं नाव त्याच्या नावाला जोडलं, तेव्हापासून तो रोज पहाटे टोगा नेसून धन्यांच्या मुजऱ्याला जायचा. पन्नास-साठ आश्रित दिवाणखान्यात उभे राहत, धनी एकेकाला मान हलवत, आणि जाताना हाती खाण्याची टोपली मिळे. टोगा नसेल त्याला उंबरा बंद.

त्या पहाटे साधा मुजरा नव्हता. फिलेरोसच्या लेकीसाठी धन्यांनीच एक स्थळ आणलं होतं. मुलाचा बाप कोर्फियस, तेलाचा व्यापारी. तो मुजऱ्याच्या वेळी येऊन माणूस पारखणार होता. आणि फिलेरोसकडे काय, तर तो पिवळा टोगा.

दांडीवर नुमिसियसआजोबांचा टोगा वाळत होता, कबुतराच्या पोटासारखा पांढरा. आजोबा एके काळी लिलावात ओरडणारे. त्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा म्हणे, आता समोरच्याला कान पुढे करावा लागे. टोगा एकच. काठ उसवला होता, तो त्यांच्या बायकोने मरायच्या आधी जरा गडद दोऱ्याने शिवून दिला होता.

आदल्या संध्याकाळी आजोबा येऊन गेले होते. "उद्या पहाटे हवाय हो. काम आहे."

"ओला आहे अजून, आजोबा. परवा न्या," फिलेरोस म्हणाला. तोंडातून गेलं तेव्हा त्याचा हात त्या टोग्यावरच होता आणि टोगा खडखडीत कोरडा होता.

पहाटे त्याच्या बायकोने, ईरेनेने, त्याच्या खांद्यावर चुण्या बसवल्या. "अहो, हा आपला नव्हे."

"लेकीसाठी गं. आजोबांचे धनी पलीकडच्या टेकडीवर. कोण बघतंय?"

"काठ बघतोय," ईरेने म्हणाली.

दिवाणखान्यात फिलेरोस पहिल्या रांगेत उभा राहिला. कोर्फियसने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. धन्यांची मान हलणार, तेवढ्यात दाराशी गलका झाला.

"आजोबा, टोगा कुठंय?" द्वारपाल गरजला. "इथं घोंगडी पांघरून येत नाहीत!"

"परटाकडं आहे बाबा. ओला आहे म्हणाला," एक बसका आवाज आला. "आमचे धनी वारले ना गेल्या महिन्यात. या घरी आज पहिलाच दिवस माझा."

"कसला परीट तुमचा! आमच्या घरचा बघा की. तो पुढं उभा आहे, कसा लखलखतोय! त्याच्याकडं टाकत चला."

सगळ्या माना वळल्या. आजोबांचीही वळली. त्यांनी फिलेरोसच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. नजर सरळ खाली, काठावर गेली आणि तिथेच थांबली.

"धुतो छान," आजोबा म्हणाले, आणि पाठ फिरवून चालू लागले.

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर फिलेरोसने त्या डोक्यावर घेतल्या असत्या. आत्ताच्या आत्ता बोलावं असं त्याला वाटलं. तेवढ्यात धनी म्हणाले, "हा आमचा फिलेरोस," आणि कोर्फियस हसून म्हणाला, "माणूस स्वच्छ दिसतो." फिलेरोसने कमरेत वाकून मुजरा केला. स्थळ जमलं.

मग तो टोपली न घेताच धावत सुटला. आजोबा चौकातल्या हौदाच्या कठड्यावर बसले होते. भररस्त्यात टोगा उतरवून, नुसत्या अंगरख्यावर उभा राहून फिलेरोसने तो पुढे केला.

"नेसा आजोबा. मी चुण्या बसवतो. अजून दार उघडं असेल."

आजोबांनी काठ बोटांत धरून पाहिला. "नको. तुझा घाम लागलाय. धुवावा लागेल."

अंगरख्यावर घरी परतताना माळीणबाई ओरडली, "काय रे, परटालाच कोणी धुतला वाटतं!" एरवी त्याने उलट दोन शब्द ऐकवले असते.

घरी ईरेने म्हणाली, "जमलं?"

"जमलं," म्हणून तो अंगणातल्या धुण्याच्या हौदात उतरला आणि दिवस कलेपर्यंत तो एकच टोगा तुडवत राहिला.

रात्रभर शेगडीपाशी टोगा वाळवून दुसऱ्या पहाटे त्याने आजोबांच्या घरी जाऊन त्यांना टोगा नेसवला, स्वतः पिवळा नेसला आणि दोघे धन्यांच्या दारी गेले. द्वारपाल म्हणाला, "अरे, कालचा तुझा लखलखाट कुठं गेला?"

"माझा नव्हता," फिलेरोस म्हणाला. आवाज आजोबांच्याहून बसका झाला होता. "यांचा होता. कोरडा होता. ओला आहे, असं मी सांगितलं."

द्वारपाल आधी थक्क झाला, मग असा हसला की धनी आतून "काय झालं?" म्हणून विचारते झाले. फिलेरोसलाच ते परत सांगावं लागलं, सगळ्यांसमोर. आजोबांना टोपली मिळाली. फिलेरोसचे कान टोपलीतल्या सॉसेजहून लाल झाले होते.

दुपारपर्यंत बातमी स्नानगृहात पोचली, म्हणजे रोमभर पोचली. गिऱ्हाइकं आपापले टोगे न्यायला आली आणि कोणी नेसला तर नाही ना, म्हणून हुंगून मगच घेऊन गेली. संध्याकाळी कोर्फियसचा माणूस दारात उभा राहिला.

"मालकांनी सांगितलंय, लग्न ठरलंय ते ठरलंय," तो माणूस हसू दाबत म्हणाला. "फक्त लग्नात व्याह्यांनी स्वतःचा टोगा नेसावा."

लग्नात फिलेरोसने पिवळाच नेसला. धुवायला वेळ होता, पण पांढरा करून नेसायचा त्याला धीर झाला नाही. साक्षीदारांत नुमिसियसआजोबा होते. कोर्फियसची बायको म्हणाली, "इतका पांढरा टोगा! कोणी हो धुतला?"

आजोबांनी फिलेरोसकडे बोट दाखवलं. तो काठाकडे बघत होता.