पोस्टवाल्या मार्लीनची परीक्षा

पाच विरुद्ध दोन. मतदान संपलं तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. मार्लीनला प्रीस्ट करायचं नाही, असं आमच्या चर्चच्या स्टँडिंग कमिटीने ठरवलं होतं.

"सॉरी, बिशप," हॉवर्ड म्हणाले. ते कमिटीचे अध्यक्ष. शहरातल्या मोठ्या चर्चचे प्रीस्ट, थिऑलॉजीत डॉक्टरेट, आणि मनाने अगदी सरळ माणूस. "पण तिचा पेपर तुम्हीही वाचलाय ना?"

वाचला होता. प्रश्न होता, देवाची कृपा म्हणजे काय. उत्तर चार पानांचं अपेक्षित होतं. मार्लीनने पाऊण पान लिहिलं होतं आणि त्यातली दोन वाक्यं अर्धवट होती.

मी एपिस्कोपल चर्च या ख्रिस्ती पंथाची बिशप आहे. अमेरिकेच्या मधोमध, गव्हाच्या आणि गुरांच्या मुलखात. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. वडील पाळक होते. सात गावांची मंडळी आणि एक लुना, एवढा त्यांचा संसार. इथे प्रीस्ट म्हणतात ते आपल्याकडचे पाळकच. शिकागोजवळच्या शॉमबर्गला मैत्रिणीकडे गेले की तिथली आयटीतली मंडळी विचारतात, "काकू, बिशप म्हणजे नक्की काय? रीजनल मॅनेजर?" मी म्हणते, तसंच समजा. फक्त टीममधले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे असतात आणि कोणी सहसा ऐकत नाही.

बिशपच्या देखरेखीखालच्या भागाला डायोसीस म्हणतात. माझ्या डायोसीसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला साडेसात तास ड्राइव्ह करावं लागतं. शनिवारी निघायचं, रविवारी कुठल्यातरी गावात उपासना घ्यायची, सोमवारी परत. बिशपची मेंढपाळी काठी माझ्याकडे तीन तुकड्यांत सुटणारी आहे. ती फिशिंग रॉडच्या पिशवीत मावते. नव्या गावात जेवायला थांबले की वेट्रेस हमखास विचारते, "तुम्ही नव्या डॉक्टर का?" गळ्यात पाळकांची पांढरी कॉलर असते, तरीही.

विलो फोर्क हे माझ्या डायोसीसमधलं एक गाव. एक धान्याची कोठी, एक शाळा, एक पेट्रोल पंप आणि आमचं छोटं लाकडी चर्च. रविवारी अकरा माणसं यायची. तिथले प्रीस्ट रिटायर होऊन मुलीकडे राहायला गेले त्याला चार वर्षं झाली होती. नवीन कोणी यायला तयार नव्हतं. आमच्यात प्रार्थना कोणीही चालवू शकतो, पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घ्यायच्या ब्रेड आणि वाइनवरची प्रार्थना फक्त प्रीस्टच करू शकतो. त्यामुळे दुसऱ्या गावचा कोणी प्रीस्ट महिन्या-दोन महिन्यांतून येऊन जायचा. बाकीचे रविवार मार्लीन सांभाळायची.

मार्लीन त्रेसष्ट वर्षांची. तिकडच्या ग्रामीण भागात टपाल वाटायचं काम करते. रोज शंभरेक मैलांचा रूट. टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात आणि इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ती पॅसेंजरच्या सीटवर बसून डाव्या पायाने गाडी चालवते. वसंतात तिच्या गाडीत टपालाने आलेल्या कोंबडीच्या पिल्लांचे खोके चिवचिवत असतात. कोणाच्या घरी काय चाललंय हे तिला टपालावरून कळतं, आणि ती ते कोणालाच सांगत नाही.

आमच्या चर्चमध्ये सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात न जाता, गावातच राहून, तयारी करून प्रीस्ट होण्याची सोय आहे. मी मार्लीनला विचारलं तेव्हा ती चर्चच्या पायऱ्या झाडत होती. झाडू न थांबवता म्हणाली, "बिशप, तुम्हाला प्रीस्ट हवाय. मी प्रीस्ट असणं ही वेगळी गोष्ट आहे."

हे वाक्य मला लागलं. ती खरं बोलत होती. मला चर्च बंद करायचं नव्हतं आणि समोर दिसली ती मार्लीन. पण पुढचं वर्षभर मी तिला पाहत राहिले आणि माझी खात्री पटत गेली. तीही हळूहळू "बघू" वरून "ठीक आहे" वर आली. मग तो पेपर झाला, आणि मग हे पाच विरुद्ध दोन.

लोकांना वाटतं बिशपने हुकूम सोडला की झालं. तसं नसतं. प्रीस्ट करायला कमिटीची संमती लागते. ती नसेल तर मी काठी घेऊन उभी राहिले तरी उपयोग नाही.

"हॉवर्ड, काय केलं तर तुमचं समाधान होईल?" मी विचारलं.

"बिशप, कच्चा डॉक्टर जसा नुकसान करतो तसाच कच्चा प्रीस्ट करतो. मी पाहिलंय. तिला निदान तोंडी तरी समजावून सांगता आलं पाहिजे. इथे बोलवा तिला. मी स्वतः घेतो परीक्षा."

"इथे नको. आपण तिकडे जाऊ."

"चार तास लांब आहे ते!"

"तीही चार तासच लांब आहे."

हॉवर्ड हसले. म्हणाले, "गाडी तुम्ही चालवायची."

ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी आम्ही पोचलो. दुपारचे तीन वाजले होते, परीक्षेची वेळ साडेतीनची. चर्चचं दार उघडं, आत कोणी नाही. दाराला चिठ्ठी चिकटवलेली होती. 'रॉयकडे गेले आहे. त्याला बरं नाही. सॉरी. मार्लीन.' खाली रस्ता कसा ते लिहिलं होतं.

हॉवर्डनी घड्याळात पाहिलं. मला स्वतःलाही राग आला होता. चार तास गाडी चालवून आले होते मी, आणि ही बाई एवढ्या महत्त्वाच्या दिवशी निघून गेली. आम्ही फार्मकडे निघालो.

रॉय म्हणजे एक्याऐंशी वर्षांचा एकटा शेतकरी. हृदय थकलेलं. त्याच्या पेटीतलं दोन दिवसांचं टपाल तसंच पडलेलं पाहून मार्लीन आत गेली होती. तो खुर्चीत होता, उठता येत नव्हतं. तिने नर्सला बोलावलं. दवाखान्यात जायला तो कबूल नव्हता आणि नर्स म्हणाली, आता नेऊनही फारसा फरक पडणार नाही. मग मार्लीनने ॲरिझोनातल्या त्याच्या मुलीला फोन केला. ती सकाळपर्यंत पोचणार होती. तोवर मार्लीन तिथेच बसली होती, पोस्टाचं जॅकेट अंगात तसंच.

"हे कोण?" रॉयने आमच्याकडे बघून विचारलं.

"माझ्या बिशप. आणि हे फादर हॉवर्ड. माझी परीक्षा घ्यायला आलेत."

"कसली परीक्षा?"

"प्रीस्ट होण्याची."

रॉय बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग मार्लीनला म्हणाला, "मला ब्रेड आणि वाइन हवी. मुलगी येईपर्यंत टिकेन की नाही माहीत नाही."

हॉवर्ड लगेच पुढे झाले. हे त्यांचं रोजचं काम. खुर्चीजवळ वाकून रॉयचा हात हातात घेतला आणि मऊ आवाजात म्हणाले, "रॉय, मी देतो तुम्हाला."

रॉयने हात काढून घेतला. "तू नको. तुझ्यासारखाच एक शहरातून आला होता. माझ्या बायकोच्या फ्युनरलला. तिचं नाव आयरीन. तो आयलीन म्हणाला. दोनदा. त्यानंतर मी तुमच्या चर्चची पायरी चढलो नाही. मार्लीन देईल."

"रॉय, मला नाही देता येणार," मार्लीन म्हणाली. "आधीची प्रार्थना केलेली ब्रेड कपाटात असते ना, तीही संपलीये. नवीनवर प्रार्थना करायची मला परवानगी नाही."

"का नाही?"

हे त्याने मार्लीनला विचारलं नव्हतं. तो हॉवर्डकडे पाहत होता.

हॉवर्ड म्हणाले, "त्यांचा अभ्यास... अजून पूर्ण व्हायचाय."

"कसला अभ्यास? पेटी रस्त्यावर आहे, अर्धा मैल लांब. आयरीन गेली त्या आठवड्यापासून ही बाई माझं टपाल दारापर्यंत आणून देते. एकोणीस वर्षं. मी सांगितलं नव्हतं तिला. परवा आणि काल हिची सुट्टी होती. बदलीचा पोरगा पेटीत टाकून निघून गेला."

हॉवर्ड खुर्चीपासून मागे सरकले.

माझ्या गाडीत एक छोटी पेटी कायम असते. तळहाताएवढा पेला, ताटली, वाइनची बाटली, पातळ ब्रेडची डबी. ती मी आणली. रॉयला म्हटलं, "प्रार्थना मी करते, कारण नियम तसा आहे. पण तुमच्या हातात मार्लीन देईल. चालेल?"

तो म्हणाला, "तुझं नाव काय?"

"सुनीता."

त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं. "चालेल, सुनीता."

औषधांच्या बाटल्या सरकवून टेबलावर जागा केली आणि मी प्रार्थना केली. मग ताटली मार्लीनकडे दिली. ती त्याच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. रॉयने ब्रेड लगेच घेतली नाही.

"मार्लीन, एकोणीस वर्षं मी देवाच्या दारात गेलो नाही. आता मागणं बरं दिसतं का?"

मार्लीनने ताटली तशीच पुढे धरून ठेवली. "रॉय, मी इतकी वर्षं तुझ्या दारात येतेय. तू एकदा तरी माझ्याकडे आलास?"

"नाही."

"मग मी यायची थांबले का?"

रॉयने हात पुढे केला.

मी हॉवर्डकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजही नव्हती. त्यांनी नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्या दिवशी परीक्षा झालीच नाही. मार्लीन तिथेच थांबली, आम्ही परत निघालो. पहिला तासभर हॉवर्ड खिडकीबाहेर बघत होते. कापलेल्या मक्याची शेतं मागे पडत होती. मग म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही, बिशप. तिला लिहिता आलं पाहिजे. ती जे बोलली ते तिला व्यासपीठावरून, अनोळखी माणसांनाही सांगता आलं पाहिजे."

मी म्हटलं, "बरं."

"पण शिकवणं आपलं काम होतं. मी नुसते मार्क दिले."

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी स्वतःच ठराव मांडला. मार्लीनला एक वर्ष द्यावं आणि तिचा अभ्यास हॉवर्डनी घ्यावा. नंतर लोक मला म्हणाले, बिशप, तुम्ही त्यांना मुद्दाम तिकडे नेलंत. मी खरंच काही ठरवलं नव्हतं. मला तर ती चिठ्ठी पाहून सगळं बिघडलं असंच वाटलं होतं.

रॉयची मुलगी वेळेत पोचली. तो आणखी नऊ दिवस जगला. प्रीस्ट नसलेल्या माणसालाही आमच्यात फ्युनरल घेता येतं, आणि ते मार्लीननेच घेतलं. आयरीनचं नाव तिने चार वेळा घेतलं. चारही वेळा बरोबर.

मग सुरू झाले मंगळवार. रूट संपला की मार्लीन पोस्टाच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून हॉवर्डशी व्हिडिओ कॉल करायची, कारण गावात तिथेच सिग्नल धड मिळतो. हॉवर्ड कडक मास्तर. तिचं प्रत्येक पान लाल करून परत पाठवायचे. एकदा तिने मला फोन केला. "बिशप, हा माणूस मला वेडं करणार." त्याच आठवड्यात हॉवर्ड मला म्हणाले, "ती मला उलट प्रश्न विचारते. असे प्रश्न मला सेमिनरीत कोणी विचारले नव्हते." वर्षाच्या शेवटी तिने तोच पेपर पुन्हा लिहिला. सव्वाचार पानं. मतदान झालं सात विरुद्ध शून्य.

आधी डीकन व्हावं लागतं. ती प्रीस्टच्या आधीची पायरी. त्यानंतर सहा महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, विलो फोर्कच्या चर्चमध्ये तिचा दीक्षाविधी झाला. आत साठ माणसं मावतात. बाकीची बाहेर गवतावर उभी होती. तिचा अख्खा टपालाचा रूट आला होता. लुथरन, कॅथलिक अशा दुसऱ्या पंथांचे, कुठल्याच चर्चला न जाणारे. विधीत बिशप लोकांना विचारते, ही तुम्हाला प्रीस्ट म्हणून हवी आहे का? मी विचारलं. आतून आणि बाहेरून एकदम असा होकार आला की कोणाच्यातरी ट्रकमधला कुत्रा भुंकायला लागला.

मग मी तिच्या डोक्यावर हात ठेवले. आमच्याकडे हजर असलेले सगळे प्रीस्टही हात ठेवतात. माझ्या हाताशेजारी हॉवर्डचा हात होता. बिशप म्हणून मी बरीच कामं केली. काही जमली, काही साफ फसली. पण त्या सकाळी मला वाटलं, हे काम चोख झालं. मला अभिमान वाटला. मार्लीनचा, हॉवर्डचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडा माझाही.

मार्लीन अजूनही टपाल वाटते. रविवारी आता एकोणीस माणसं येतात. शहरातल्या चर्चवाल्यांना हा आकडा सांगितला की ते नम्रपणे मान हलवतात. अकराचे एकोणीस होणं काय असतं ते विलो फोर्कमध्ये राहणाऱ्यालाच कळेल.

आमच्या डायोसीसमध्ये तेव्हापासून एक नियम आहे. मांडला हॉवर्डनी. गावातल्या उमेदवाराची परीक्षा त्याच्या गावातच घ्यायची, आणि कमिटीने गाडी चालवत तिकडे जायचं. उमेदवारांचे पेपर पूर्वीइतकेच कच्चे असतात. नापास करण्याची घाई मात्र आता कोणी करत नाही. निदान परतीच्या चार तासांत एकदा तरी विचार होतो.